परतूरला नेमकं कोणत्या कार्यालयात जायचं?

परतूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात सरकारी कागदाचं काम निघालं की माणूस ‘तहसीलला जाऊन येतो’ असं सांगून घराबाहेर पडतो. पोरीच्या उत्पन्नाचा दाखला असो, घरकुलाचा अडकलेला हप्ता असो, शेताची मोजणी असो की नातवाच्या जन्माची नोंद, निघायचं ते तहसीलला म्हणूनच. यातली बरीचशी कामं तहसीलदारांच्या अखत्यारीत येतच नाहीत. आष्टीहून किंवा सातोन्याहून आलेल्या माणसाला हे खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळतं. तोवर त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, एसटीचं भाडं गेलेलं असतं आणि दुसरं कार्यालय शोधेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असते.

हा त्रास कमी करता येतो, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. घरून निघण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. मला हवी असलेली माहिती मुळात कोणाच्या वहीत लिहिलेली आहे? या कागदावर सही कोणाची लागते? आणि ज्या घटनेचा किंवा मालमत्तेचा हा कागद आहे, ती कोणत्या हद्दीतली आहे? योजनेचं नाव, ती जाहीर करणारं खातं, जाहिरातीतला फोटो यांवरून कार्यालय सापडत नाही. वही, सही आणि हद्द यांवरून सापडतं.

गावात सरकारच्या दोन वेगळ्या वह्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. जमिनीची वही तलाठ्याकडे. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे आणि कामही तेच आहे. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी, त्यांच्या वर तहसीलदार, तहसीलदारांच्या वर उपविभागीय अधिकारी आणि मग जालन्याला जिल्हाधिकारी. ही महसुलाची साखळी. दुसरी साखळी ग्रामपंचायतीची. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, त्यांच्या वर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ, आणि वर जिल्हा परिषद. तहसील आणि पंचायत समिती ही एकाच तालुक्याची दोन कार्यालयं आहेत. एकाचा साहेब दुसऱ्याच्या साहेबाचा वरिष्ठ नाही. ग्रामसेवकाची तक्रार तहसीलदाराकडे आणि तलाठ्याची तक्रार बीडीओकडे नेणारी माणसं म्हणूनच रिकाम्या हाती परततात. परतूर शहरात राहणाऱ्यांसाठी ग्रामपंचायतीच्या जागी नगर परिषद येते. घरपट्टी, नळ, जन्म-मृत्यू, शहरातलं घरकुल हे सगळं तिथं. शहराची जमीन मात्र महसूल आणि भूमी अभिलेखाकडेच राहते.

परतूरकरांची एक सोय आहे. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत, पण उपविभाग चारच: जालना, भोकरदन, अंबड आणि परतूर. परतूर उपविभागात परतूर आणि मंठा हे दोन तालुके येतात. त्यामुळे ज्या कागदांवर उपविभागीय अधिकाऱ्यांची सही लागते, त्यांसाठी परतूरच्या माणसाला तालुक्याबाहेर जावं लागत नाही. मंठ्याच्या माणसाला परतूरला यावं लागतं.

आता सर्वांत जास्त गोंधळ घालणारी जोडी बघू. ‘आठ-अ’ आणि ‘नमुना आठ’. बँकेनं किंवा घरकुलाच्या यादीनं ‘आठचा उतारा आणा’ म्हटलं की माणूस जो हाती लागेल तो घेऊन जातो. आठ-अ हा तलाठ्याचा कागद. एका गावात एका खातेदाराच्या नावावर एकूण किती जमीन आहे आणि तिचा आकार किती, हे त्यात असतं. नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा कागद. गावातल्या घराची कर-आकारणी त्यात असते: घर कोणाच्या नावे, बांधकाम कशाचं, घरपट्टी किती. शेतासाठी आठ-अ, घरासाठी नमुना आठ. पहिला ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर डिजिटल सहीसह १५ रुपयांत मिळतो, सातबाराही तसाच मिळतो आणि तो सगळीकडे ग्राह्य आहे. त्यावर पुन्हा तलाठ्याचा शिक्का मागायचं कारण नाही. दुसरा ग्रामपंचायतीतून घ्यावा लागतो. नमुना आठवर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं. ती कराची नोंद आहे. गावठाणातल्या घराच्या मालकीसाठी स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याचं काम २०२० पासून सुरू झालं, आणि ते पत्रक भूमी अभिलेख कार्यालयाचं आहे. एकाच घराचा कर ग्रामपंचायतीत आणि मालकीचा नकाशा भूमी अभिलेखात, असं आता गावोगाव होणार आहे.

वही, सही आणि हद्द या तिन्हींचा कस लागतो तो घरातला कर्ता माणूस गेल्यावर. त्या दिवसांत घराला कागदांसाठी धावायचं बळ नसतं, आणि नेमक्या तेव्हाच मुदती चालू झालेल्या असतात. म्हणून हा प्रसंग सावकाश, पायरीपायरीनं बघू.

समजा, वाटूरच्या बाजूच्या एका गावातला शेतकरी रस्त्याच्या अपघातात जखमी झाला आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. पहिला कागद मृत्यूचा दाखला. तो गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. जन्म आणि मृत्यू यांची नोंद घटना जिथं घडली तिथं होते. माणूस कुठला रहिवासी होता यावरून होत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा हा पाया आहे. मृत्यू शेतात किंवा घरी झाला असता तर नोंद गावच्या ग्रामसेवकाकडे झाली असती, परतूर शहरात झाला असता तर शहराच्या हद्दीतल्या निबंधकाकडे. इथं ती संभाजीनगरला होईल. म्हणून रुग्णालयातून निघतानाच नाव, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता आधार कार्डाप्रमाणे लिहिला गेलाय का, ते घरच्या एखाद्या जाणत्यानं पाहून घ्यावं. तिथं एक अक्षर चुकलं तर पुढचा प्रत्येक कागद त्या अक्षरापाशी अडतो, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा तेवढ्या लांब जावं लागतं.

नोंदीची मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यापुढे एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की आदेश लागतो. पूर्वी हा आदेश न्यायालयातून आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या अर्जांची छाननी कडक झाली आहे. जन्माच्या नोंदीलाही हेच नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मागितला जाणार आहे. म्हणून बाळंतपण जालन्याला किंवा माहेरी झालं असेल तर तो दाखला तिथूनच, वेळेत घ्या.

मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा. आता शेत. सातबारावर वारसांची नावं लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसानं तीन महिन्यांच्या आत ही खबर तलाठ्याला द्यायची असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हरकत आली नाही तर तहसीलदारांकडे जायची वेळच येत नाही. २०२५ मध्ये राज्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, कारण वर्षानुवर्षं मयत माणसांच्या नावावर सातबारे तसेच पडून होते. ते पडून राहतात याचं मोठं कारण माझ्या मते एकच आहे: नाव लावणं म्हणजे वाटणी करणं, असा समज. वारसनोंद ही वाटणी नाही. सगळ्यांची नावं सामाईक लागतात. वाटणी पुढं कधीतरी, तहसीलदारांकडे संहितेच्या कलम ८५ खाली किंवा नोंदणीकृत वाटणीपत्रानं, स्वतंत्रपणे होते.

आणि सगळ्यांची म्हणजे लेकींचीही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. लग्न झालेल्या बहिणीचं नाव वारसांच्या यादीतून गाळणं हे खोटं प्रतिज्ञापत्र करणं आहे. दहा वर्षांनी फेरफार रद्द होण्याचं मूळ तिथं असतं. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करावं लागतं, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तलाठ्यासमोर तोंडी सांगून हक्क सुटत नाही. हा निर्णय तिनं राखीपौर्णिमेच्या भिडेनं घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शेतात नाव लागलं म्हणून बँकेतली रक्कम मिळते असं नाही. खात्याला नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, असेल तर बँक त्याच्याकडे रक्कम सोपवते. नसेल आणि रक्कम मोठी असेल तर भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा दाखला लागतो आणि तो दिवाणी न्यायालय देतं. ‘वारस दाखला’ म्हणून तहसीलमध्ये चकरा मारणारी माणसं बऱ्याचदा या कागदाच्या शोधात असतात. तो तिथं मिळत नाही. बँकेला आधी विचारा: तुम्हाला नेमका कोणता कागद हवा, आणि तो लेखी सांगाल का?

अपघाताची मदत. रस्ता अपघात, वीज पडणं, सर्पदंश, विहिरीत पडणं, विजेचा धक्का अशा अपघातात शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती दगावली, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज तहसीलला द्यायचा नसतो; तो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, घटनेपासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल हे कागद जोडावे लागतात. पंचनामा ज्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथला. तेरावं होईपर्यंत घरात कुणी कागदाला हात लावत नाही आणि ३० दिवसांतले निम्मे दिवस तिथंच जातात. गावातल्या शिकलेल्या पोरांनी, कृषी सहायकानं किंवा शेजाऱ्यानं हे एक काम त्या घरासाठी अंगावर घ्यावं. शेतकऱ्यानं आत्महत्या केली असेल तर ही योजना लागू होत नाही. त्या कुटुंबासाठी १ लाखाची मदत वेगळी आहे. तिची चौकशी तहसीलमार्फत होते आणि पात्रतेचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो.

मग मागे राहिलेल्या पत्नीचं मानधन. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. खातं सामाजिक न्याय विभागाचं, पण अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी योजना शाखेत जातो. जालन्याच्या समाजकल्याण कार्यालयात गेलेली बाई तिथून पुन्हा परतूरला पाठवली जाते, ती यामुळेच. महिना १५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ योजना त्याच शाखेत. कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार रुपये मिळतात. तो अर्जही याच शाखेत. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या नावाचा दाखला मात्र ग्रामसेवकाकडून किंवा पंचायत समितीतून आणायचा, कारण ती वही त्यांची. निराधार योजनेचे १५०० रुपये सुरू झाले की लाडकी बहीण योजनेचे १५०० मिळत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या. नाहीतर बंद झालेल्या हप्त्यासाठी अंगणवाडी, बँक आणि महिला बालविकास कार्यालय अशी फिरती सुरू होते.

शेतकऱ्याच्या नावावर पीएम-किसानचे हप्ते येत असतील तर ते वारसांकडे आपोआप वळत नाहीत. सातबारावर नाव लागल्यावर, शेतकरी ओळख क्रमांक काढून, वारसाला नवी नोंदणी करावी लागते. नोंदणीची अडचण असेल तर कृषी विभाग, जमिनीच्या नोंदीची अडचण असेल तर तहसील, आधार खात्याला जोडलेलं नसेल तर बँक. हप्ता नेमका कशावर अडलाय ते योजनेच्या संकेतस्थळावरच्या ‘स्थिती’त दिसतं. त्याची एक छापील प्रत खिशात असली की तिन्ही ठिकाणी बोलणं सोपं जातं.

एका मृत्यूनंतर ही एवढी कार्यालयं. अजून शिधापत्रिका राहिलीच.

रेशनकार्डाचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेचं. नाव कमी करणं, नाव वाढवणं, कार्ड विभक्त करणं तिथं. नव्या सुनेचं नाव लावायला गेलात तर पहिला प्रश्न असतो की माहेरच्या कार्डातून नाव कमी झालंय का. ते काम माहेरच्या तालुक्यात होतं, म्हणून लग्नानंतर पहिल्याच माहेरपणात ते उरकून यावं. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं. जालना हा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांपैकी एक आहे, म्हणून इथल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यावर पैसे मिळतात. सुरुवातीला माणशी महिना १५०, नंतर १७० रुपये. दुकानदाराशी यावरून भांडून उपयोग नाही, त्याच्याकडे तो माल येतच नाही. पैसे आले नाहीत तर पुरवठा शाखेत कार्ड, आधार आणि कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्याची नोंद तपासून घ्यावी.

आता विद्यार्थ्यांचे दाखले. उत्पन्नाचा दाखला आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला तहसीलचा. मुदत १५ दिवस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही तहसीलदारांचं. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर उपविभागीय अधिकाऱ्यांचे; मुदत ४५ दिवस. जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, जालन्याच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीची. अनुसूचित जमातीची पडताळणी करणाऱ्या समित्या मात्र वेगळ्या आहेत, जिल्ह्याची समिती ते करत नाही. अर्ज मात्र बहुतेक सगळे सेतूतून, म्हणजे आपले सरकार सेवा केंद्रातून, किंवा घरी बसून आपले सरकार पोर्टलवरून होतात. सेतूवाला अर्ज चढवतो, मंजूर करत नाही. ‘सेतूतून दाखला मिळाला नाही’ ही तक्रार सेतूकडे करून काही हलणार नाही; अर्जाचा क्रमांक घेऊन तो कोणाच्या टेबलावर थांबलाय ते पाहावं लागतं. सगळी गर्दी निकाल लागल्यावर जूनमध्ये होते. दहावीच्या वर्गात असतानाच जातीचा दाखला काढून ठेवला, तर ते ४५ दिवस शांतपणे जातात. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक आणा असं कुणी म्हणालं तर थांबा: शैक्षणिक दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं.

जातीच्या दाखल्यात खरी अडचण जुन्या पुराव्याची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा लागतो. परतूरच्या बाबतीत हा इतिहासाचा प्रश्न होऊन बसतो. १९५० साली हा भाग हैदराबाद राज्यात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. आणि परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, तेव्हा औरंगाबादच्या तालुक्यांबरोबर परतूर परभणीतून जालन्यात आलं. म्हणून आजोबा-पणजोबांची नोंद शोधताना फक्त जालन्यावर थांबू नका. आधी गावच्या शाळेचं जुनं प्रवेश निर्गम रजिस्टर बघा. जुन्या जिल्हा परिषद शाळांत ते जपलेलं असतं आणि मुख्याध्यापक त्याचा उतारा देऊ शकतात. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या. तिथं नाही मिळालं तर परभणीच्या अभिलेखातही नकलेसाठी अर्ज करून बघावा. कागद उर्दूत किंवा मोडीत निघाला तर घाबरायचं नाही. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेऊन मूळ नकलेसोबत जोडायचं.

मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं असेच जुने दप्तर पालथे घातले, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे गावपातळीवर चौकशी करणारी समिती ठरवून दिली. तिच्यात ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी असतात. ही समिती चौकशी करते. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याचाच, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचा आहे. दाखला मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला तो अधिकार नाही.

जमिनीची उरलेली कामं थोडक्यात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदतं, तिथून फेरफारासाठी माहिती तलाठ्याकडे ऑनलाइन जाते. मोजणी आणि हद्दीच्या खुणा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे. तलाठी बांध मोजून देत नाही, आणि त्यानं पावलांनी मोजून सांगितलेली हद्द न्यायालयात टिकत नाही. शेतरस्ता अडवला तर तहसीलदार. फेरफारावर नाराजी असेल तर अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, ६० दिवसांत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी. गाडीची कागदपत्रं जालन्याच्या परिवहन कार्यालयात. मतदार यादीसाठी गावातला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, किंवा तहसीलची निवडणूक शाखा.

योग्य दार सापडल्यावर पुढची गोष्ट म्हणजे पोच. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचं, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारणाशिवाय नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा कागदावरच आहे असं म्हणणारे भेटतात. माझं म्हणणं वेगळं आहे: अपील करायला मुदत कधी सुरू झाली हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारी पोच बहुतेकांकडे नसते. अर्ज तोंडी स्वीकारला गेला, कागद टेबलावर ठेवून घेतले, ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं, की कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही अजून अर्ज केलेलाच नसतो.

म्हणून ऑनलाइन अर्ज असेल तर क्रमांकाची छापील पावती घ्या, हाती दिलेला असेल तर दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या. परत पाठवलं तर कोणता कागद कमी आहे ते लिहून मागा. आणि तरीही काम अडलं, तर तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, दर महिन्याला असतो. तिथं ती पोच जोडून अर्ज द्या. तिथं निपटारा झाला नाही तर जालन्याला जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि तिथंही सगळ्यात आधी ती पोचच मागतात.